आयबुक जी४ : प्रश्नचिन्हाचं फोल्डर, चालू करतानाच्या कळा, मेलेली डिस्क

खाडीकाठ (ऐरोली), शनिवार रात्री १०:४०

मशीन ॲपल आयबुक जी४, १२ इंची, पांढरं. बॅटरीच्या खाचेत ए११३३ असं लिहिलंय. १.३३ गिगाहर्ट्‌झ, ५१२ एमबी रॅम, ४० जीबी डिस्क. बॅटरी मेलेली आहे, ॲडॅप्टरवर चालू होतं. 'बोंग' (मॅक चालू होतानाचा सूर) वाजतो, करडा पडदा येतो आणि फोल्डरच्या चित्रावर प्रश्नचिन्ह उघडझाप करत बसतं. डिस्कमधून दोन-तीन सेकंदांनी टक्‌ टक्‌ येते. सोबतच्या डीव्हीडी नाहीत.

वाचनालयाच्या चार दिवाळी अंकांची पानं यावर क्वार्कमध्ये (पानं मांडायचा प्रोग्रॅम) लावलेली आहेत, ती हवी आहेत. मशीन चालू झालं तर दुधात साखर. एका दुकानात न उघडताच "मदरबोर्ड गेला" असं सांगितलं. खरं काय असू शकतं?

---

सोल्डरगन (ठाणे), शनिवार रात्री ११:०५

मदरबोर्ड गेलेला नाही. बोंग वाजतो तो रॉममधली स्वतःची तपासणी पार पडल्यावरच. बोर्ड किंवा रॅममध्ये खोट असती तर बोंगऐवजी शिट्ट्या आल्या असत्या : एक म्हणजे रॅम सापडलीच नाही, दोन म्हणजे चुकीच्या जातीची रॅम, तीन म्हणजे रॅम आहे पण चाचणीत नापास, चार किंवा पाच म्हणजे बूट रॉमच बिघडलेला. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच की चालू करण्याजोगी सिस्टीम कुठे सापडत नाही.

टकटक मात्र डिस्कचीच. म्हणून आत्ता पहिलं काम : परत परत चालू करून बघू नका. दर वेळी डिस्क फिरते आणि हेड आपटतं. आधी फायली, मग दुरुस्ती, आणि शेवटी नवी डिस्क. हा क्रम उलटा करून 'आधी डिस्क रिपेअर मारून बघू' म्हणणाऱ्यांच्या फायली जातात, कारण रिपेअर त्या मरत्या डिस्कवर लिहायला लागतं.

ॲडॅप्टरच्या टोकाशी गोल दिवा लागतो का? नारिंगी म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे पूर्ण. बॅटरी काढलेली असताना पिन जरा हलली तरी मशीन धाडकन बंद पडतं, आणि डिस्कवरून कॉपी चालू असताना ते नको. ४५ वॅटचा (२४ व्होल्ट, १.८७५ अँपिअर) किंवा ६५ वॅटचा (२४.५ व्होल्ट, २.६५ अँपिअर) दोन्ही चालतात. मॅगसेफवाला नाही चालत, टोकही वेगळं आणि व्होल्टेजही.

---

नौपाडाकर, शनिवार रात्री ११:२०

डी दाबून हार्डवेअर टेस्ट लावा की आधी.

---

बिगएंडियन (नेरूळ), रविवार सकाळी ८:१५

नौपाडाकर, ते इंटेल मॅकचं. पॉवरपीसीवर (या आयबुकमधला जुना प्रोसेसर) डी दाबलं की मशीन आतल्या डिस्कवरून चालू व्हायचा हट्ट धरतं, म्हणजे इथे नेमकं जे नको तेच. हार्डवेअर टेस्ट या मशीनच्या सोबतच्या पहिल्या डिस्कवर असते, ती घालून ऑप्शन दाबायचं. धागाकर्त्यांकडे ती डिस्क नाही, म्हणून विषय संपला. कमांड-आर वगैरे रिकव्हरीही पॉवरपीसीवर नसते.

आता कळा. सगळ्या बोंग वाजल्या वाजल्या दाबायच्या, आधी नाही. आधीपासून दाबून ठेवल्या तर बऱ्याचदा मशीन त्यांना भीक घालत नाही.

ऑप्शन : सगळ्यात कामाची. चालू होण्याजोग्या डिस्क शोधून चित्रं दाखवते. घड्याळाचा काटा थांबेपर्यंत वाट बघा, टकटकणारी डिस्क असेल तर दोन-तीन मिनिटंही लागतात. डावीकडचा गोल बाण पुन्हा शोधायला, उजवीकडचा सरळ बाण पुढे जायला. एकही चित्र नाही आणि नुसते बाण असतील तर सिस्टीम कुठेच नाही.

टी : टार्गेट डिस्क मोड. मशीन फायरवायरची (जुन्या मॅकमधली केबल-जोडणी) बाहेरची डिस्क बनतं, पडद्यावर फायरवायरचं चिन्ह तरंगत राहतं. तुम्हाला हवं ते हेच. चिन्ह आलं तर डिस्क निदान ओळखली जाते. नाहीच आलं तर डिस्क बाहेर काढावी लागेल.

सी : सीडी-डीव्हीडीवरून. एक्स : ओएस टेनवरून. एन : नेटवर्कवरून, आपल्यापैकी कुणाला लागणार नाही. ट्रॅकपॅडचं बटण दाबून ठेवलं तर आत अडकलेली चकती बाहेर येते.

कमांड-व्ही : चालू होताना काय चाललंय ते ओळीओळीने दिसतं. कमांड-एस : सिंगल युजर. शिफ्ट : सेफ बूट.

कमांड-ऑप्शन-पी-आर : पीरॅम. दुसरा बोंग येईपर्यंत धरा. लोक याला रामबाण समजतात, पण यात फक्त कुठली डिस्क निवडली, आवाज किती, पडद्याचं रिझोल्यूशन, बूटचे पर्याय एवढंच साठवलेलं असतं. मेलेली डिस्क याने जिवंत होत नाही. एक उपयोग मात्र खरा : प्रश्नचिन्ह पाच-सहा सेकंद दिसून मग मशीन आपोआप चालू होत असेल, तर फक्त निवडलेल्या डिस्कची नोंद पुसली गेलेली असते. सिस्टीम प्रेफरन्सेसमध्ये स्टार्टअप डिस्क पुन्हा निवडा, झालं.

कमांड-ऑप्शन-ओ-एफ : ओपन फर्मवेअर, म्हणजे सिस्टीम चालू होण्याआधी आज्ञा द्यायची जागा. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं. पहिल्याच ओळीत मॉडेल येतं. तुमच्यावर पॉवरबुक६,७ दिसायला हवं. आयबुक असूनही नाव पॉवरबुक (ॲपलचाच दुसरा लॅपटॉप) का, असं विचारू नका, ॲपलने तसंच ठेवलंय. बाहेर पडायला 'मॅक-बूट', बंद करायला 'शट-डाउन', अडकलेली चकती काढायला 'इजेक्ट सीडी'. नोंदी मूळपदाला न्यायला तीन आज्ञा एकामागून एक : 'रीसेट-एनव्हीरॅम', 'सेट-डिफॉल्ट्स', 'रीसेट-ऑल'. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने, मधल्या रेघांसकट.

चालू-बंदच करताना गडबड होत असेल, पंखाच फिरतोय किंवा ॲडॅप्टर लावूनही चार्ज होत नाही, तर पीएमयू (वीज सांभाळणारी चिप) रीसेट : मशीन बंद ठेवून शिफ्ट-कंट्रोल-ऑप्शन आणि पॉवर एकदम दाबा, सोडा, पाच सेकंद थांबा, मग नेहमीसारखं चालू करा. यानंतर तारीख चुकते, ती लगेच नीट करा, नाहीतर नंतर प्रमाणपत्रांच्या तक्रारींनी डोकं उठेल.

ऑप्शनची कळ मेली असेल तर यूएसबीचा विंडोजवाला कीबोर्ड लावा. त्यावर ऑल्ट म्हणजे ऑप्शन, विंडोजची कळ म्हणजे कमांड.

---

तुर्भे_लोकल, रविवार सकाळी ९:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक भर : टार्गेट मोडसाठी समोर जुना मॅकच हवा असं नाही. डेस्कटॉपमध्ये पीसीआय-एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड घाला, लिनक्स चालू करा, सहा पिनांची केबल जोडा. आयबुकची डिस्क साधी एसडीबी किंवा एसडीसी म्हणून दिसते. ती माउंट करू नका. थेट जीएनयू डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढा. पहिल्या फेरीत मायनस एन, म्हणजे खराब भागाशी झुंजत न बसता चांगला भाग आधी निघतो. मॅप फाइलचं (किती वाचून झालं त्याची नोंद) नाव द्यायला विसरू नका, नाहीतर मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत मायनस डी आणि मायनस आर३, मॅप फाइल तीच. प्रतिमा ठेवायच्या डिस्कवर किमान ५० जीबी मोकळी जागा असू द्या.

मॅकवर करायचं असेल तर अलीकडच्या मॅकला थंडरबोल्ट ३ ते २ आणि मग थंडरबोल्ट ते फायरवायर ८०० असे दोन अडॅप्टर जोडावे लागतात, वर नऊ पिनांची एका बाजूने आणि सहा पिनांची दुसऱ्या बाजूने अशी केबल. आणि मॅकओएस २६ मध्ये फायरवायरच काढून टाकलंय, त्यामुळे जुनी सिस्टीम असलेला मॅक शोधा.

---

खाडीकाठ, रविवार रात्री ९:५०

टी दाबलं, चिन्ह आलं. ओळखीच्यांकडे फायरवायर कार्ड मिळालं. तुर्भे_लोकल म्हणतात तसं केलं. पहिल्या फेरीत जवळपास सगळं निघालं, दुसऱ्या फेरीनंतर अगदी थोडे खराब सेक्टर उरले. प्रतिमेचं नाव शेवटी डीएमजी (मॅकची डिस्क-प्रतिमेची फाइल) करून मॅकवर उघडली, क्वार्कच्या फायली दिसतात. पण त्या पेनड्राइव्हवर टाकून विंडोजवाल्या मशीनवर नेल्या तर फॉन्टचं फोल्डर शून्य केबी! सगळे फॉन्ट गेले का?

---

बिगएंडियन, रविवार रात्री १०:१०

थांबा, काही गेलेलं नाही. पण आता एक पाऊलही चुकीचं टाकू नका.

जुन्या मॅकच्या फायलीला दोन कप्पे असायचे. एकात साधा मजकूर, दुसऱ्यात रिसोर्स फोर्क. सूटकेस प्रकारच्या जुन्या फॉन्टचं सगळं सामान त्या दुसऱ्या कप्प्यात असतं, पहिला कप्पा खरोखरच रिकामा. विंडोजचा पेनड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅटचा असतो, त्यावर दुसरा कप्पा वेगळ्या फायलीत टाकला जातो. तिच्या नावाआधी टिंब आणि अधोरेखा असते, आणि लपलेली असल्याने ती लोक 'कचरा' म्हणून पुसून टाकतात. ईमेल, एफटीपी, साधं झिप या सगळ्यांतून तीच कथा. म्हणून फायली एकेक करून हलवू नका, मूळ प्रतिमाच सांभाळा. तीच वाचायची, तिच्यावर लिहायचं नाही. हलवायचंच असेल तर पूर्ण फोल्डरची डिस्क युटिलिटीने डीएमजी करून हलवा.

फॉन्ट कशासाठी जपायचे हे मराठी डीटीपी केलेल्यांना सांगायला नको. २००५ च्या आसपास क्वार्कमध्ये लावलेली मराठी पानं युनिकोडमध्ये नसतात. 'क'च्या जागी आत भलतंच इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्याला 'क' दाखवतो. फॉन्ट गेला की अंक म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. फॉन्ट असेल तर निदान पीडीएफ काढता येते, आणि कुठला फॉन्ट हे कळलं तर युनिकोडमध्ये बदलायचं कोष्टकही करता येतं.

---

पांचपाखाडी, सोमवार सकाळी ७:४५

आमच्या मंडळाची स्मरणिका अशीच खिचडी होऊन पडली आहे. फॉन्टचं नाव फायलीत सापडतं का?

---

बिगएंडियन, सोमवार सकाळी ८:००

हो. क्वार्कमध्ये फाइल उघडताना नसलेल्या फॉन्टची यादी येते, ती कागदावर उतरवून घ्या. 'बदला' म्हणू नका, 'तसेच ठेवा' म्हणा.

---

सोल्डरगन, सोमवार सकाळी ९:२०

आता डिस्क बदलायची. आयबुक उघडणं हा या मालिकेतला सगळ्यात नकोसा कार्यक्रम आहे, हे आधीच सांगतो. पॉवरबुकच्या मानाने फार वैताग. फक्त रॅम वाढवायची असेल तर एवढं करायची गरज नाही. बॅटरी नाण्याने फिरवून काढा, एस्केप आणि एफ१ मधली आणि एफ११ आणि एफ१२ मधली अशा दोन छोट्या खिट्ट्या स्वतःकडे ओढा, आणि कीबोर्ड उचला. उचलत नसेल तर न्यूमलॉकच्या डावीकडचा चपटा स्क्रू अर्धा फिरवा, कुलूप तिथे असतं. जोर लावू नका, खिट्टी मोडते. कीबोर्डखाली पत्र्याचं झाकण, चार स्क्रू, त्याखाली रॅमचा एकच स्लॉट. २०० पिनांची डीडीआर पीसी२७००, १ जीबी. ५१२ एमबी बोर्डावर चिकटलेली आहे, म्हणजे एकूण दीड जीबी आणि त्याच्या वर नाही. डीडीआर२ लाही २०० पिनाच असतात पण खाच जरा सरकलेली असते. बसत नाही म्हणजे चुकीची, दाबून बसवू नका.

डिस्कसाठी मात्र खालचं प्लास्टिक, खालचा पत्रा, वरचं प्लास्टिक आणि वरचा पत्रा, सगळं काढावं लागतं. डिस्क डाव्या मनगटाखाली. हत्यारं : शून्य-शून्य आणि शून्य नंबरचे चौफुली स्क्रूड्रायव्हर, २ मिमीची षटकोनी किल्ली, टी८ टॉर्क्स, आणि प्लास्टिकची पट्टी. स्क्रू पन्नासच्या आसपास आहेत आणि लांबी वेगवेगळी. कागदावर मशीनची आकृती काढून ज्याच्या त्या जागी सेलोटेपने चिकटवा. लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला की वरच्या प्लास्टिकवर फोड येतो, ते कायमचं. वरचं प्लास्टिक उचलताना ट्रॅकपॅडची आणि पॉवर बटणाची केबल बोर्डाला जोडलेली असते. केबल धरून ओढायची नाही, कनेक्टरच दोन्ही कडांनी नखाने थोडाथोडा वर.

नवी डिस्क म्हणजे एमसाटा एसएसडी आणि ४४ पिनांचा अडॅप्टर, जाडी ९.५ मिमीच्या आत. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतो. अडॅप्टरवर जंपर असेल तर मास्टरवर ठेवा, स्लेव्हवर ठेवला तर डिस्क दिसतच नाही. आणि ४४ पिना नीट मोजा. शेजारी चार जंपर पिना वेगळ्या असतात, मध्ये एक फट असते. केबल एक पिन सरकवून बसली तर ५ व्होल्ट भलत्याच पिनवर जातात आणि एसएसडी किंवा अडॅप्टर जळतो. टॉर्च आडवा धरून दोन्ही टोकांनी बघा, मग दाबा. जुन्या टायगरला (ओएस टेन १०.४) ट्रिम (एसएसडीला पुसलेली जागा कळवणं) नाही, म्हणून पार्टिशन करताना पाचेक जीबी मोकळे सोडा.

कोपऱ्यांतला हिरवट गंज दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. ऐरोली-वाशीच्या खाडीची हवा आहे, यूएसबी आणि फायरवायरचे पोर्ट आधी बघा.

---

नौपाडाकर, सोमवार दुपारी १:१०

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे पॉवरबुक जी४ १५ इंची, महापेच्या एका ऑफिसच्या भंगारातून. ऑप्शन दाबलं की कुलूप आणि पासवर्डची चौकट येते. सी, टी, पीरॅम काहीच चालत नाही.

---

बिगएंडियन, सोमवार दुपारी १:४०

ओपन फर्मवेअरचा पासवर्ड. या मशीनमध्ये उपाय सोपा : रॅमचं प्रमाण बदललं की कुलूप सैल होतं. एक रॅम काढा (किंवा घाला), मग चालू करताना पीरॅम तीन बोंग होईपर्यंत धरून ठेवा. मग रॅम परत लावा. तुमच्या मॉडेलचा खालचा रॅम स्लॉट बिघडण्यासाठी बदनाम आहे, सिस्टीम प्रोफायलरमध्ये दोन्ही रॅम दिसतात का तेही बघा.

---

तुर्भे_लोकल, सोमवार संध्याकाळी ६:३०

सिस्टीम कुठून घालायची ते राहिलं. यूएसबीवरून पॉवरपीसी चालू होत नाही, फायरवायरची डिस्कच हवी.

---

बिगएंडियन, सोमवार रात्री ९:००

होतं, पण हाताने सांगावं लागतं. ऑप्शनच्या पडद्यावर यूएसबी दिसत नाही म्हणून लोक 'होत नाही' म्हणतात.

आधी पेनड्राइव्ह तयार करणं. डिस्क युटिलिटीत पार्टिशन स्कीम ॲपल पार्टिशन मॅप आणि मॅक ओएस एक्स्टेंडेड जर्नल्ड. जीयूआयडी (इंटेल मॅकची पार्टिशन पद्धत) ठेवलं तर हे मशीन त्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि निम्मे लोक इथेच अडकतात. नव्या मॅकवर हा पर्याय दिसत नसेल तर आधी 'सगळी उपकरणं दाखवा' निवडा. मग टायगरची प्रतिमा त्यावर रीस्टोर करा. 'स्रोत तपासता येत नाही' असा नकार आला तर आधी प्रतिमेवर 'स्कॅन फॉर रीस्टोर' चालवा.

मग ओपन फर्मवेअरमध्ये 'डेव्ह / एलएस' टाइप करा, उपकरणांचं झाड उलगडतं. यूएसबीच्या कुठल्या फांदीखाली 'डिस्क@१' आहे ते शोधा. समजा यूएसबी०, मग आज्ञा : बूट यूएसबी०/डिस्क@१:,\\:टीबीएक्सआय. दोन उलट्या तिरक्या रेघा म्हणजे 'आशीर्वाद दिलेलं' (चालू करण्यासाठी खूण केलेलं) सिस्टीम फोल्डर, आणि टीबीएक्सआय ही आतल्या बूट फायलीची जात. म्हणून फायली नुसत्या ओढून टाकलेल्या पेनड्राइव्हवरून 'कान्ट ओपन' येतं : फोल्डरला आशीर्वादच नसतो. स्वल्पविरामाआधी पार्टिशनचा क्रमांक द्यावा लागला तर २ किंवा ३ करून बघा, १ म्हणजे खुद्द नकाशाच.

आज्ञा चालली तरी पहिली काही मिनिटं पडदा हलत नाही. धीर धरा, चहा करा. फायरवायरची डिस्क मिळत असेल तर हे सगळं टाळून तीच लावा, तुर्भे_लोकल यांचं तेवढं खरंच आहे.

आणि टायगरची कुठली प्रत : या मशीनला कारखान्यातून १०.४.२ आलेलं आहे, म्हणून त्याआधीची १०.४.० ची डिस्क चालूच होत नाही, कमांड-व्हीने बघितलं तर कर्नल अडखळताना दिसतं. १०.४.६ ची सुटी प्रत घ्या. दुसऱ्या मॉडेलच्या सोबतची करडी डिस्क तर मुळीच नाही. लेपर्ड १०.५ ला ८६७ मेगाहर्ट्‌झ आणि ५१२ एमबी पुरतं, पण त्याची डीव्हीडी दुहेरी थराची आहे आणि थकलेला कॉम्बो ड्राइव्ह ती वाचताना दमतो. क्वार्कच्या जुन्या आवृत्तीसाठी टायगरच बरं, त्यात क्लासिकही (ओएस ९ चे प्रोग्रॅम चालवायची सोय) आहे, लेपर्डमध्ये नाही.

---

खाडीकाठ, बुधवार रात्री १०:२०

एसएसडी बसली, पेनड्राइव्हवरून टायगर घातलं, १०.४.११ पर्यंत अद्ययावत केलं. दोनदा 'कान्ट ओपन' आलं, कारण माझ्या पेनड्राइव्हवर जीयूआयडी होतं. आता फॉन्टची प्रतिमा या मशीनवर आणायची आहे. सफारी एकही साइट उघडत नाही.

---

तुर्भे_लोकल, बुधवार रात्री १०:४५

आजच्या साइटचं एनक्रिप्शन त्या सफारीला कळत नाही, त्याच्याशी भांडू नका. वायफायही फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर, राउटर डब्ल्यूपीए२ ला ठेवा, डब्ल्यूपीए३ ला नाही. नाहीतर लॅनची केबल लावा. ज्या मशीनवर डीएमजी आहे तिथल्या टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ मायनस एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००' चालवा. मग आयबुकच्या सफारीत त्या मशीनचा आयपी, कोलन, ८०००. साधं एचटीटीपी असल्याने ते उघडतं. डीएमजी एकच फाइल म्हणून उतरते, त्यामुळे फॉन्टचा दुसरा कप्पा आत शाबूत राहतो.

---

खाडीकाठ, गुरुवार सकाळी ७:३०

उतरली. २००६ चा अंक उघडला, अनुक्रमणिकेचं पान जसंच्या तसं दिसतंय, रफार-वेलांट्यांसकट. आता चारही अंकांच्या पीडीएफ काढतोय. जुनी बॅटरी जराशी फुगलेली वाटते, मशीनमध्ये ठेवू का?

---

सोल्डरगन, गुरुवार सकाळी ७:५०

नाही, आत्ताच काढा. भोक पाडून 'बघू' नका, चार्जही करू नका. धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून ठेवा, आणि ई-कचरा घेणाऱ्यांनाच द्या, घंटागाडीत टाकू नका.